एलिनॉर पॉवेल : टॅपची राणी आठ-नऊ वर्षांतच पडद्याआड का गेली?

कृष्णधवल

हॉलिवूडच्या जुन्या संगीतपटांचा विषय निघाला की फ्रेड अस्टेअर आणि जीन केली ही दोन नावं लगेच तोंडावर येतात. तिसरं यायला हवं ते येतच नाही : एलिनॉर पॉवेल. १९३५ ते १९४३ या काळात ती एमजीएम स्टुडिओची बिनीची टॅप नर्तकी होती. (टॅप म्हणजे धातूच्या पट्ट्या लावलेल्या बुटांनी जमिनीवर ठोके वाजवत केलेला नाच.) 'ब्रॉडवे मेलडी ऑफ १९३६', 'बॉर्न टू डान्स', 'रोझाली', 'होनोलुलू', 'लेडी बी गुड' हे सगळे चित्रपट तिच्या पायांवर उभे होते.

ज्यांनी तिला अजिबात पाहिलेलं नाही त्यांनी यूट्यूबवर 'ब्रॉडवे मेलडी ऑफ १९४०' मधलं 'बिगिन द बिगीन' काढा. नाच बराच लांब आहे, पण शेवटचा टॅपचा भाग सोडू नका. ती आणि अस्टेअर, दोघं पांढऱ्या कपड्यांत. खाली आरशासारखी काळीभोर जमीन, मागे अंधारात दिव्यांचे ठिपके. मध्येच वाद्यं गप्प होतात आणि फक्त चार पायांचा आवाज उरतो. तो एक तुकडा टाकतो, ती तो उचलून पुढे नेते, मग दोघं एकदम. दोघंही डोक्यापासून बुटांपर्यंत पूर्ण दिसत राहतात, चेहऱ्याचा क्लोजअप घालून कुणी काही लपवत नाही. अस्टेअर शेजारी असताना नजर दुसऱ्या कुणावर ठरते, हे मी फक्त इथे अनुभवलं आहे.

आता प्रश्न. बाईंचा जन्म १९१२ चा. १९४३ मध्ये एमजीएम सुटलं तेव्हा वय होतं तिशी-एकतिशी. अस्टेअर पन्नाशी ओलांडूनही नायक होता. मग हिचीच कारकीर्द एवढी तोकडी का? लग्न, युद्ध, बदललेली आवड अशी कारणं वाचायला मिळतात. माझं ठाम मत असं की स्टुडिओला तिचं काय करायचं ते कधी उमगलंच नाही. तुम्हाला काय वाटतं?

चहाटळ

लिंक उघडली, नाच पाहिला, पुन्हा पाहिला, आणि आता ऑफिसच्या टेबलाखाली पाय वाजतायत. शेजारचा विचारतोय काय झालं म्हणून.

धोबीतलाव

कृष्णधवल, तुमच्या धाग्याला एक मुंबईचं टोक आहे. आपलं मेट्रो थिएटर एमजीएमनेच बांधलं होतं. जून १९३८ मध्ये ते उघडलं आणि पहिला चित्रपट लागला 'ब्रॉडवे मेलडी ऑफ १९३८'. म्हणजे रॉबर्ट टेलर आणि तुमची एलिनॉर पॉवेल. ज्युडी गार्लंड त्यात अगदी पोरसवदा आहे.

आमचे वडील गिरगावातले, तेव्हा शाळकरी. पॉवेलचे चित्रपट त्यांनी मेट्रोत नंतर पाहिले. म्हातारपणीही तिचं नाव काढलं की चेहरा खुलायचा. त्यांच्या सांगण्यानुसार, चाळीतल्या दोघा-तिघांनी बुटांना नाल ठोकून घेतले होते आणि लाकडी गॅलरीत सराव चालायचा. खालच्या मजल्यावरचे वर आले आणि संपला टॅप!

दुपारचा_चहा

काका, भारीच आठवण. मेट्रोत आम्ही अमिताभचे चित्रपट पाहिले, त्याच पडद्याची सुरुवात एका टॅप नर्तकीने झाली हे ठाऊक नव्हतं.

तत्कार

मी कथक शिकवते, त्यामुळे पायांबद्दल थोडं बोलते.

पॉवेलची मूळ तयारी बॅले आणि ॲक्रोबॅटिक्सची. टॅप तिला आवडत नव्हता. पण ब्रॉडवेला, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांत, काम मागायला गेलं की पहिला प्रश्न "टॅप येतो का?" म्हणून ती जॅक डॉनाह्यूकडे गेली. दहा धड्यांची शिकवणी, बस्स. तिचं शरीर बॅलेमुळे सतत वर उचललेलं, आणि टॅपला वजन खाली लागतं. डॉनाह्यूने काय करावं? तिच्या कमरेला पट्टा बांधून त्याला वाळूच्या पिशव्या अडकवल्या. हललीच तर ओझं जाणवणार, मग पाय जमिनीलगत राहणार. पहिले काही धडे ती रडकुंडीला आली होती, सातव्याच्या सुमारास एकदम उमगलं. पुढे तिचे पाय जमिनीपासून इंचभरसुद्धा फारसे उचलले जात नाहीत आणि आवाज मात्र घणाघाती येतो, त्याचं मूळ त्या पिशव्यांत आहे.

आता तिचा कुठलाही एकटीचा नाच आवाज बंद करून पाहा. वरचं शरीर बॅलेचं : पाठीमागे कमान, पाय थेट डोक्याच्या वर, एकामागून एक चकरा. मग आवाज चालू करा. त्या चकरांमध्येही टाचा-चवडे चालूच असतात, एक मात्रा गळत नाही. चकरा संपतात त्या बरोबर समेवर. आमच्याकडे मुलींना चक्कर आणि तत्कार (पायांचे ठोके) वेगवेगळे घोटून मग जोडायला वर्षं लागतात, म्हणून मला त्याची किंमत कळते.

पुराणपुरुष

सगळ्यांचा उत्साह मान्य, पण मी विरोधात लिहिणार.

पॉवेल तंत्रात बेजोड होती, वादच नाही. पण संगीतपट म्हणजे नुसतं तंत्र नव्हे. अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स नाचतात तेव्हा गोष्ट पुढे सरकते. आधी रुसवा असतो, नाच संपेपर्यंत ती विरघळलेली असते. पॉवेल नाचते तेव्हा गोष्ट थांबते. सगळे बाजूला होतात, बाई येतात, कमाल करतात, टाळ्या, पुढचा प्रसंग. अभिनय बेताचा. गाणं स्वतःचं नाही : सुरुवातीच्या चित्रपटांत मार्जोरी लेन हिचा आवाज तिच्या तोंडी आहे. प्रेक्षक किती वर्षं नुसती कमाल बघतील? आठ-नऊ वर्षं मिळाली हेच पुष्कळ.

चहाटळ

पुराणपुरुष आले, आता धागा शंभरी गाठणार.

साउंडबाबा

तांत्रिक भर. (मी ध्वनीमुद्रणात काम करतो.)

त्या काळी टॅपचा आवाज बहुतेक वेळा सेटवरचा नसायचा. सेटवर आधी ध्वनिमुद्रित केलेलं गाणं मोठ्याने वाजत असतं, त्यावर नाच चित्रित होतो. त्या गोंधळात टॅप स्वच्छ पकडणं अशक्य. मग नंतर नर्तक स्टुडिओत येतो, कानाला हेडफोन, पुढे पडद्यावर स्वतःचाच नाच, पायाखाली लाकडी फळी. पडद्यावरचा प्रत्येक ठोका पुन्हा वाजवायचा, अगदी त्याच क्षणी. एक फ्रेम इकडेतिकडे झाली तरी कानाला खटकतं. अस्टेअर स्वतःचे ठोके स्वतः द्यायचा. जिंजर रॉजर्सचे ठोके पुष्कळदा त्याचा नृत्यदिग्दर्शक सहकारी हर्मिस पॅन द्यायचा. पॉवेल स्वतःचे ठोके स्वतःच देत असे.

म्हणजे 'बिगिन द बिगीन'मधला तो वाद्यांशिवायचा तुकडा तिने आधी कॅमेऱ्यासमोर नाचला आणि मग कानांसाठी पुन्हा नाचला. हेडफोन लावून ऐका. दोघांचे ठोके एकाच जागी पडतात, तरी तिचा ठोका जरा जास्त भरीव आहे.

कृष्णधवल

साउंडबाबा, याच गोष्टीबद्दल खुद्द अस्टेअरनेच लिहून ठेवलंय. आत्मचरित्रात तो म्हणतो की ती पुरुषासारखे ठोके टाकायची, नाजूकसाजूक काही नाही, आणि तिची जातकुळी वेगळीच. ज्याच्याबरोबर नाचायला नायिका घाबरत, तो हे म्हणतोय. सेटवर दोघं एकमेकांना 'मिस्टर अस्टेअर' आणि 'मिस पॉवेल' म्हणायचे. दोघंही भिडस्त, दोघंही सरावाच्या बाबतीत पिसाट.

न्यूजर्सीकर

इकडे आमच्या गावच्या कम्युनिटी सेंटरमध्ये मोठ्यांसाठी टॅपचा वर्ग आहे, मी जाते. बुटाला पुढे चवड्याखाली एक आणि टाचेखाली एक अशा दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, स्क्रूने बसवलेल्या. स्क्रू किती आवळायचे यावर आवाज बदलतो. सैल ठेवले तर खणखणाट, घट्ट केले तर कोरडा टकटकाट. आमच्या वर्गातल्या जुन्या मंडळींचे यावर कडाक्याचे वाद होतात.

पहिली गोष्ट शिकवतात ती शफल. घोटा सैल सोडून चवडा पुढे घासायचा आणि तसाच मागे. दोन आवाज. बघायला काहीच नाही, पण ते दोन्ही आवाज सारख्याच वजनाचे यायला हवेत. नवशिक्याचा पुढचा मोठा आणि मागचा गायब. पॉवेलचा संथ केलेला व्हिडिओ आमच्या शिक्षिकेने एकदा दाखवला होता. प्रचंड वेगातही मागचा आवाज पुढच्याइतकाच स्वच्छ होता. वर्गात कुणी काही बोललंच नाही थोडा वेळ.

पुराणपुरुष, 'नुसतं तंत्र' म्हणताय खरं, पण एकदा शफल करून बघाच.

पुराणपुरुष

न्यूजर्सीकर, तंत्र कठीण आहे हे कोण नाकारतंय? कठीण आणि हृदयाला भिडणारं यात फरक आहे एवढंच म्हणणं. 'रोझाली'त ती लहान-मोठ्या अवाढव्य ढोलांवरून नाचत खाली येते. हजारो माणसांचा सेट, ढोल, झगमगाट. डोळे दिपतात. पण ती त्या क्षणी सुखात आहे की दुःखात, सांगा बघू.

तत्कार

सुखात आहे! हेच तर तुम्हाला दिसत नाही. नाचणारी बाई नाचताना सुखात असते, याला गोष्टीचं कारण लागत नाही.

शुद्ध नृत्त आणि अभिनय हे दोन वेगळे विभाग आपल्याकडे शेकडो वर्षं मानलेले आहेत. तोडा सुंदर पडला तर "यात कथा कुठे?" असं कुणी विचारत नाही. पॉवेल नृत्ताची कलावंत होती. तिच्याकडून भावकाव्य मागायचं आणि मग नाही म्हणून गुण कापायचे, हे मला पटत नाही.

दुपारचा_चहा

तत्कारताई, +१००.

मूळ प्रश्नाकडे येते. १९४३ च्या ऑक्टोबरात तिने नट ग्लेन फोर्डशी लग्न केलं. १९४५ मध्ये मुलगा झाला. त्यानंतर १९५० मध्ये 'डचेस ऑफ आयडाहो'त पाहुणी म्हणून एक नाच, बाकी काही नाही. फोर्डची गाडी मात्र युद्धानंतर सुसाट. घर, मूल, चर्चचं काम. १९५० च्या दशकात मुलांसाठी धार्मिक टीव्ही कार्यक्रमही केला तिने. १९५९ मध्ये घटस्फोट. आणि मग काय केलं? १९६१ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लास व्हेगासच्या सहारा हॉटेलमध्ये स्वतःचा कार्यक्रम घेऊन उभी राहिली. मुलानेच आग्रह धरला होता म्हणतात. तीनेक वर्षं तुफान चाललं. म्हणजे पाय गेले नव्हते, इच्छाही गेली नव्हती. सोळा वर्षं घरात गेली.

आपल्याकडच्या किती नट्यांची, गायिकांची हीच कथा आहे ते सांगायला नको. त्यामुळे 'स्टुडिओला कळलं नाही' याच्या आधी मी लग्न हे कारण लिहीन.

कृष्णधवल

दुपारचा_चहा, मान्य, पण क्रम बघा. एमजीएममधली घसरण लग्नाच्या आधीची आहे. 'शिप अहॉय' (१९४२) आणि 'आय डूड इट' (१९४३) मध्ये ती रेड स्केल्टनची नायिका आहे. विनोदवीर पुढे आणि पॉवेल त्याच्या जोडीला. १९४० मध्ये अस्टेअरबरोबर बरोबरीने उभी असलेली बाई दोन वर्षांत तिथे पोचली. आणि लग्नानंतरही १९४४ मध्ये तिने दुसऱ्या निर्मात्याकडे 'सेन्सेशन्स ऑफ १९४५' केला. त्यात ती एका भल्यामोठ्या पिनबॉल यंत्राच्या आत नाचते. लग्न झालं म्हणून लगेच बूट काढून ठेवले असं नाही.

धोबीतलाव

'शिप अहॉय' मात्र मजेदार. त्यात ती हेरांच्या तावडीत सापडते आणि रंगमंचावर नाचतानाच पायांनी मोर्स कोड वाजवून प्रेक्षकांतल्या सरकारी माणसाला निरोप पोचवते. टॉमी डॉर्सीचा वाद्यवृंद, ड्रमवर बडी रिच, आणि गायकांत कोवळा फ्रँक सिनात्रा. पुराणपुरुष, घ्या, इथे नाचामुळे गोष्ट पुढे सरकते की नाही?

चहाटळ

काकांनी शब्दशः निरोप पोचवला.

अर्धविराम

मला इथे एक अवघड मुद्दा मांडायचा आहे. पॉवेलबद्दल हळहळताना तिच्या सावलीत कोण राहिलं तेही बघू या.

जेनी लिगॉन. कृष्णवर्णीय नर्तकी, पॉवेलहून चारेक वर्षांनी लहान. तीही पँट घालून नाचायची, तीही ॲक्रोबॅटिक्स आणि टॅप एकत्र करायची. १९३५ मध्ये 'हूरे फॉर लव्ह'मध्ये बिल रॉबिन्सन या नामवंत कृष्णवर्णीय टॅप नर्तकाबरोबर नाचली. त्याच वर्षी एमजीएमने तिच्याशी करार केला. मोठ्या स्टुडिओने कृष्णवर्णीय स्त्रीशी असा दीर्घ करार करण्याची ती जवळजवळ पहिलीच वेळ. ती 'ब्रॉडवे मेलडी ऑफ १९३६' मध्ये असणार होती. पण त्याच चित्रपटात पॉवेल होती. एकाच चित्रपटात दोन एकल टॅप नर्तकी नकोत, असं ठरलं आणि लिगॉनचा करार रद्द झाला. पुढे हॉलिवूडने तिला बहुतेक मोलकरणीच करायला लावल्या. अस्टेअरच्या 'ईस्टर परेड'मध्ये (१९४८) ती आहे, मोलकरीणच. कंटाळून ती शेवटी कॅनडात व्हँकुव्हरला गेली आणि तिथे नाच शिकवत राहिली. २०१२ मध्ये वारली.

तेव्हा 'आठ-नऊ वर्षंच मिळाली' हे दुःख कुणाचं आहे आणि ज्यांना आठ दिवसही मिळाले नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न या धाग्यात यायलाच हवा.

कृष्णधवल

अर्धविराम, यायलाच हवा. लिगॉनचा 'हूरे फॉर लव्ह'मधला नाच आत्ताच शोधून पाहिला. तो मोकळेपणा! रॉबिन्सनला बघून हसते आणि पाय मात्र आपली वाट चालतात.

अर्धविराम

आणखी एक. 'होनोलुलू'मध्ये (१९३९) पॉवेल बिल रॉबिन्सनला आदरांजली म्हणून त्याचा पायऱ्यांवरचा नाच करते. पायऱ्या चढत-उतरत नाचणं हे रॉबिन्सनचं हुकमी काम होतं. पॉवेलला त्याच्याबद्दल मनापासून आदर होता, त्यानेच तिला तो नाच दाखवला होता असं ती सांगायची. पण चित्रपटात ती तो करते चेहऱ्याला काळा रंग फासून. रॉबिन्सन तेव्हा हयात होता, नाचत होता, बालनटी शर्ली टेंपलबरोबर लोकप्रियही होता. त्याला स्वतःलाच बोलवता आलं असतं की.

पुराणपुरुष

काळाच्या चौकटीत बघावं लागेल. तेव्हा ती रीतच होती.

अर्धविराम

रीत होती हे खरं, पण तेव्हाही ज्यांच्या चेहऱ्यांची नक्कल व्हायची त्यांना ती बोचत होतीच. 'द लिटल कर्नल'मध्ये (१९३५) रॉबिन्सन आणि शर्ली टेंपल हात धरून पायऱ्या चढतात, तो भाग दक्षिणेकडच्या राज्यांत कापून दाखवायचे. एका गोऱ्या मुलीने एका कृष्णवर्णीय म्हाताऱ्याचा हात धरला म्हणून! निकोलस बंधू या कृष्णवर्णीय टॅप जोडीचे नाच तर मुद्दाम कथेपासून वेगळे ठेवलेले असत, म्हणजे दक्षिणेत कात्री लावणं सोपं.

पुराणपुरुष, तुम्ही वर म्हणालात ना, गोष्ट थांबते आणि नाच सुरू होतो. काहींच्या बाबतीत ते असं ठरवूनच केलेलं असायचं.

पुराणपुरुष

हा मुद्दा वजनदार आहे. यावर विचार करतो.

न्यूजर्सीकर

निकोलस बंधूंचा विषय निघालाच आहे तर 'स्टॉर्मी वेदर' (१९४३) मधला त्यांचा नाच पाहाच. कॅब कॅलोवेचा वाद्यवृंद, दोघे भाऊ टेबलांवरून, वादकांच्या मधून उड्या मारत येतात. मग जिन्यावर एकमेकांच्या डोक्यावरून झेप घेत पूर्ण पाय फाकवून उतरतात आणि हात न लावता उभे राहतात. प्रत्येक पायरीला हेच. आमच्या वर्गात यावर एकच प्रतिक्रिया असते : माझे गुडघे!

इकडे २५ मे हा टॅप दिवस मानतात, बिल रॉबिन्सनचा जन्मदिवस. त्या दिवशी आमच्या वर्गात दोन नाच दाखवतात, एक निकोलस बंधूंचा आणि एक पॉवेलचा.

तत्कार

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. कथक आणि टॅप एकाच मंचावर आणण्याचं काम पंडित चित्रेश दास आणि जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांनी केलं, 'इंडिया जॅझ स्वीट्स' या नावाने. घुंगरू एका बाजूला, ॲल्युमिनियम एका बाजूला. त्याचे तुकडे नेटवर आहेत. दास तोंडाने बोल म्हणतात, स्मिथ ते पायांनी परत देतो. मग उलट. अनवाणी पाय आणि बूट यांच्यात कोण जिंकतं असं बघायला जावं, तर दहा मिनिटांत ते विसरायला होतं. चित्रेशजी २०१५ मध्ये गेले.

आमच्या वर्गातल्या मुलींना 'बिगिन द बिगीन' दाखवलं तेव्हा त्यांनी न सांगता हातावर ताल धरला होता. चार-चारचा ठेका आहे, त्रितालात बसतो.

दुपारचा_चहा

काय सुरेख! आता मुलीच्या कथकच्या बाईंना हा धागा पाठवते.

साउंडबाबा

मूळ प्रश्नाला माझं उत्तर : रंग आणि बॅले.

रंग म्हणजे टेक्निकलर. 'ब्रॉडवे मेलडी ऑफ १९४०' रंगीत करायचा बेत होता, खर्चापायी कृष्णधवल झाला. (त्या काळ्या जमिनीला ते मानवलं, ही गोष्ट वेगळी.) पुढे १९४० च्या दशकात एमजीएमचे मोठे संगीतपट रंगीत होत गेले आणि पॉवेलच्या वाट्याला नायिका म्हणून एकही रंगीत चित्रपट आला नाही. 'थाउजंड्स चीअर'मध्ये (१९४३) आहे, पण एका नाचापुरती.

बॅले म्हणजे १९४३ मध्ये ब्रॉडवेवर आलेलं 'ओक्लाहोमा!'. ॲग्नेस डी मिलने त्यात नायिकेचं स्वप्न बॅलेतून मांडलं आणि मग सगळ्यांनाच स्वप्नं पडू लागली. १९५१ च्या 'ॲन अमेरिकन इन पॅरिस'चा शेवट म्हणजे सतरा मिनिटांचा बॅले. नाचाने पात्राचं मन उलगडावं अशी अपेक्षा सुरू झाली, आणि टॅप जुना वाटू लागला.

पुराणपुरुष

साउंडबाबा, मग ॲन मिलर? तीही टॅपवालीच. 'ऑन द टाउन' १९४९, 'किस मी केट' १९५३. आणि १९७९ मध्ये ब्रॉडवेवर 'शुगर बेबीज'. तिला टॅप आडवा आला नाही.

साउंडबाबा

मिलर गायची स्वतः, विनोद करायची, आणि दुय्यम भूमिका आनंदाने घ्यायची. चित्रपटात एक झणझणीत नाच करून बाजूला व्हायची. मिनिटाला पाचशे ठोके अशी तिची जाहिरात असायची. पॉवेल नायिका म्हणूनच आली आणि नायिका म्हणूनच गेली. तिला मधली जागाच नव्हती.

तत्कार

मधली जागा नव्हती, हे अगदी बरोबर. बॅलेचा काळ आला म्हणता, पण पॉवेलची तर तयारीच बॅलेची होती! मनात आणलं असतं तर एमजीएमला तिच्याकडून दोन्ही मिळालं असतं.

धोबीतलाव

'लेडी बी गुड'चा (१९४१) उल्लेख झाला, पण त्यातलं 'फॅसिनेटिंग ऱ्हिदम' राहिलं. दिग्दर्शन बस्बी बर्कलीचं. ती नाचत पुढे सरकते, पडदे बाजूला होतात, एकामागून एक पियानो समोर येतात, कॅमेरा तिच्यामागे धावतोच आहे. १९९४ च्या 'दॅट्स एंटरटेनमेंट थ्री'मध्ये याचं पडद्यामागचं चित्रण दाखवलंय. एका बाजूला झालेला नाच, दुसऱ्या बाजूला कामगार जिवाच्या आकांताने पियानो आणि पडदे ओढून कॅमेऱ्याला वाट करून देताहेत. आणि त्या सगळ्या धांदलीच्या मधोमध बाई हसत ठोका चुकवत नाहीत. मला तर कामगारांनाही टाळ्या द्याव्याशा वाटल्या.

त्याच चित्रपटात ती एका कुत्र्याबरोबर नाचते. शिकवलेला कुत्रा जमेना म्हणून तिने दुसरा कुत्रा आणून स्वतःच घरी शिकवला.

चहाटळ

आमच्याकडचा 'बस' म्हटलं की उभा राहतो. त्याला हा व्हिडिओ दाखवतो.

पुराणपुरुष

कुत्र्याबरोबरचा नाच रात्री पाहिला. माझं म्हणणं थोडं बदलून लिहितो. घरातली खोली, साधे कपडे, पायात घोटाळणारा कुत्रा. इथे प्रचंड सेट नाही, कोरस नाही. ती त्याच्याकडे बघून खरंखुरं हसते, तो पायांमधून आरपार जातो तेव्हा ती पाऊल किंचित लांबवते आणि पुढच्या ठोक्याला तो विलंब भरून काढते. हे नुसतं तंत्र नाही. इतकी साधी दृश्यं तिला अजून दहा दिली असती तर मी वर जे लिहिलं ते लिहिलं नसतं. म्हणजे स्टुडिओने तिला सतत युद्धनौका आणि ढोल दिले, माणसं दिली नाहीत. कृष्णधवल, तुमच्या बाजूने एक मत.

अस्टेअर आणि रॉजर्सबद्दलचं मत मात्र कायम.

दुपारचा_चहा

पुराणपुरुषांचं मत बदललं, तेही एका कुत्र्यामुळे. स्क्रीनशॉट काढून ठेवते.

माझा लग्नाचा मुद्दा मी सोडत नाही हां. १९४४ नंतरच्या कोऱ्या जागेला स्टुडिओ जबाबदार नाही.

न्यूजर्सीकर

एक छोटी गोष्ट. १९८१ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने अस्टेअरचा सत्कार केला तेव्हा बोलायला पॉवेलही होती. प्रेक्षक उभे राहिले. पुढच्या फेब्रुवारीत ती कर्करोगाने गेली. तोवर १९७४ च्या 'दॅट्स एंटरटेनमेंट'मुळे नव्या पिढीने तिला शोधलं होतं. त्यात 'बिगिन द बिगीन' आहे आणि त्याची ओळख सिनात्रा करून देतो. तोच 'शिप अहॉय'मधला कोवळा गायक.

अर्धविराम

१९९१ मध्ये निकोलस बंधूंना केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. उशिरा, पण दोघंही हयात असताना. लिगॉनवरही माहितीपट झाला. या धाग्याच्या शीर्षकात तिचंही नाव घालता येईल का, कृष्णधवल?

कृष्णधवल

शीर्षक आता बदलता येत नाही, पण लिगॉनवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

आणि सगळ्यांसाठी : काल 'आय डूड इट' पूर्ण पाहिला. एमजीएममधला तिचा नायिका म्हणून शेवटचा. सुरुवातीला दोरखंडांचे फास फिरवत, त्यांतून उड्या घेत ती नाचते, तो नाच नवा आणि अवघड आहे. पण चित्रपटाचा शेवट बघताना काहीतरी ओळखीचं वाटलं. युद्धनौका, तोफा, खलाशांच्या रांगा, बाईंचा टोपीवाला पोशाख. शेजारी 'बॉर्न टू डान्स' लावला आणि एकेक दृश्य ताडून पाहिलं. तोच शेवट आहे, १९३६ चा, सात वर्षांपूर्वीच्या चित्रपटातून उचलून जसाच्या तसा चिकटवलेला. हाताशी एलिनॉर पॉवेल असताना, ती तिशीची असताना, त्यांनी तिला नवा शेवट नाचायला दिला नाही. जुनं रीळ काढलं.

धोबीतलाव

अरे देवा. हे वडिलांना कळलं असतं तर तिकिटाचे पैसे परत मागितले असते मेट्रोत जाऊन.

तत्कार

वाचून राग आला. कृष्णधवल, दोरखंडाच्या नाचाची लिंक टाका ना, मुलींना दाखवते.